कर्नल ट्रेस रीडरमधील इव्हेंट-वाचनाचा बग आणि त्याची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आत घडणाऱ्या घटनांची, म्हणजे इव्हेंटची, नोंद ज्या ट्रेस बफरमध्ये ठेवतो, त्यातील कच्च्या नोंदी वाचणारा एक छोटा रीडर परभणी आणि नांदेड येथील आमच्या अभ्यासगटाने सी भाषेत लिहिला आहे. इव्हेंटची वेळ चुकीची दाखवणारा एक बग त्यात बरेच दिवस राहून गेला होता. तो दुरुस्त झाल्यापासून रीडर वापरणारे विद्यार्थी आणि शेती-उपकरणांवर काम करणारे सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. फाइलींची आणि फील्डांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतील.

बग नेमका काय होता?

एकाच सीपीयूवरील लागोपाठच्या दोन इव्हेंटमध्ये सुमारे १३४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ गेला असेल, तर आमचा रीडर त्या अंतराचा मोठा भाग गिळून टाकत असे. बरोबर एका सेकंदाचे अंतर तो ६०.४७५९०४ मिलिसेकंद दाखवी. इव्हेंट गळत नव्हते, एका सीपीयूपुरता त्यांचा क्रम बरोबर होता, प्रोसेसची नावे आणि पीआयडी (प्रोसेसचे क्रमांक) बरोबर होते. चुकत होती ती फक्त वेळ, आणि ती चूक दिसायला अगदी विश्वासार्ह होती. रीडर कोसळला असता तर आम्ही त्याच दिवशी कोड उघडून बसलो असतो.

तो लक्षात कसा आला?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, परभणीजवळच्या एका शेतावर, विहिरीवरील मोटर चालू-बंद करणारा एक छोटा लिनक्स बोर्ड बसवलेला आहे. कृषी फीडरवर थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. वीज येताच मोटर आपोआप सुरू व्हावी आणि अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत जाण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढाच त्या बोर्डाचा हेतू आहे. मोटर कधी लगेच उचलते, तर कधी दम खाऊन सुरू होते, अशी शेतकऱ्याची तक्रार होती.

आम्ही बोर्डावर दोनच इव्हेंट फिल्टर लावून चालू केले. वीज आल्याची खबर देणारा इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) हा पहिला आणि मोटरचा स्विच असलेला रिले चालवणारा थ्रेड (प्रोग्रॅमचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) जागा झाल्याची नोंद हा दुसरा. नोंदींत तो थ्रेड दर साठ मिलिसेकंदांच्या आसपास जागा होताना दिसत होता. म्हणजे वीज आल्याचे त्याला फार तर साठ मिलिसेकंदांत कळते, आणि एवढा उशीर माणसाला जाणवणे शक्य नाही, असा निष्कर्ष काढून आम्ही दोष स्टार्टरच्या माथी मारला. शेतकरी मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

पुढे नियंत्रकाचा मूळ कोड हाती आला, तेव्हा त्या थ्रेडमध्ये चक्क एका सेकंदाची झोप लिहिलेली आढळली. सेकंदभर झोपणारा थ्रेड साठ मिलिसेकंदांनी उठणे शक्यच नव्हते. मग आम्ही कर्नल स्वतः मजकुराच्या रूपात दाखवतो त्या ट्रेस फाइलशी आमचे आकडे ताडून पाहिले, आणि चूक आमच्या रीडरची आहे हे उघड झाले. शेतकऱ्याचे म्हणणे पहिल्या दिवसापासून खरे होते: वीज केव्हा येते त्यावर उशीर शून्यापासून सेकंदापर्यंत काहीही होत होता. नियंत्रकातील थ्रेड आता ठरावीक वेळाने डोकावत नाही, तो थेट इंटरप्टची वाट पाहतो.

बफरच्या आत नोंदी कशा ठेवलेल्या असतात?

हे समजल्याशिवाय पुढची उत्तरे समजणार नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे. इव्हेंट नोंदवणारी एफट्रेस ही सोय २००८ साली २.६.२७ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. तिचे मुख्य शिल्पकार स्टीव्हन रोस्टेड. तिच्या रिंग बफरमध्ये (भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिणाऱ्या साठ्यात) प्रत्येक सीपीयूसाठी वेगळी पेजेस, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, असतात, आणि ट्रेस_पाइप_रॉ या फाइलीतून ती जशीच्या तशी, बायनरी रूपात, वाचता येतात. नेहमीच्या ६४ बिटी संगणकावर पेज ४०९६ बाइटचे असते. पहिल्या ८ बाइटांत त्या पेजाचा पूर्ण टाइमस्टॅम्प, पुढच्या ८ बाइटांत कमिट, म्हणजे पेजात किती बाइट खरोखर भरले आहेत तो आकडा, आणि उरलेल्या ४०८० बाइटांत इव्हेंट असतात.

प्रत्येक इव्हेंटच्या डोक्यावर फक्त ४ बाइटांचे हेडर असते. त्या ३२ बिटांपैकी ५ बिट प्रकार किंवा लांबी सांगतात आणि उरलेले २७ बिट मागील इव्हेंटनंतर किती नॅनोसेकंद गेले ते सांगतात. प्रत्येक नोंदीत पूर्ण ६४ बिटी वेळ लिहिली असती तर दर इव्हेंटमागे ८ बाइट खर्ची पडले असते. सेकंदाला लाखो नोंदी होऊ शकतात अशा जागी ही काटकसर योग्यच आहे. पण २७ बिटांत जास्तीत जास्त १३,४२,१७,७२७ नॅनोसेकंद मावतात. त्याहून मोठे अंतर पडले, की कर्नल इव्हेंटच्या आधी ८ बाइटांची एक खास नोंद घालतो. तिचा प्रकार ३० असतो आणि तिला टाइम एक्स्टेंड म्हणतात. अंतराचे खालचे २७ बिट तिच्या हेडरमध्ये असतात, वरचे बिट पुढच्या ४ बाइटांत.

मग रीडर कुठे चुकत होता?

प्रकार ३० दिसला की तो खालचे २७ बिट वेळेत मिळवी आणि पुढचे ४ बाइट ओलांडून जाई. त्या ४ बाइटांतच वरचा भाग असतो, हे कोड लिहिणाऱ्याच्या, म्हणजे माझ्याच, नजरेतून सुटले होते. त्यामुळे दर वेळी १३,४२,१७,७२८ नॅनोसेकंदांच्या पूर्ण पटीत वेळ हरवत असे. एका सेकंदात अशा सात पटी मावतात. त्या वजा केल्या की ६,०४,७५,९०४ नॅनोसेकंद उरतात. आम्ही जो आकडा थ्रेडचा वेग समजत होतो, तो या भागाकाराची बाकी होती.

प्रयोगशाळेतील संगणकावर हा बग का दिसला नाही?

तेथे सगळे इव्हेंट चालू होते आणि ब्राउझर, कंपायलर, डेस्कटॉप असे सगळे चालत होते. १३४ मिलिसेकंद पूर्ण शांतता असलेला सीपीयू तेथे सहसा सापडत नाही. शेतावरचा बोर्ड मात्र बहुतेक वेळ निवांत असतो आणि फिल्टरमुळे उरलेसुरले इव्हेंटही गाळले गेले होते, त्यामुळे तेथे जवळजवळ प्रत्येक इव्हेंटच्या आधी टाइम एक्स्टेंड येत होता. रीडरची चाचणी गजबजलेल्या संगणकावर जेवढी घ्याल, तेवढीच निवांत यंत्रावरही घ्यावी, असे माझे आता ठाम मत आहे.

माझ्या नोंदींत हाच दोष आहे हे कसे ओळखावे?

दोन खुणा आहेत. पहिली खूण अशी, की एका पेजाच्या आत लागोपाठच्या कोणत्याही दोन इव्हेंटमधील अंतर १३४.२ मिलिसेकंदांच्या वर जातच नाही. दुसरी खूण पेजाच्या सीमेवर दिसते. प्रत्येक नवे पेज स्वतःचा पूर्ण टाइमस्टॅम्प घेऊन येते, त्यामुळे घड्याळ तेथे एकदम खऱ्या वेळेवर येते. आमच्या बाबतीत एका पेजात सुमारे ऐंशी नोंदी बसत. त्या पाचेक सेकंदांत उरकल्यासारख्या दिसत आणि मग पुढच्या पेजावर घड्याळ सव्वा मिनिटाची उडी घेई. ही उडी आम्ही बोर्ड मध्येच अडकण्याचे लक्षण समजलो होतो. कर्नलने दाखवलेली वेळ आणि रीडरने दाखवलेली वेळ यांतील फरकाला १३,४२,१७,७२८ ने भागून पाहा. नि:शेष भाग गेला तर दोष हाच.

दुरुस्ती नेमकी काय केली?

प्रकार ३० आल्यावर पुढचे ४ बाइट वाचायचे, तो आकडा २७ बिट डावीकडे सरकवायचा, त्यात हेडरमधील २७ बिट मिळवायचे आणि ही बेरीज चालू वेळेत जोडायची. कोडच्या या तीन ओळी आहेत.

तरीही पहिला पॅच (दुरुस्तीचा कोड) मागे का घ्यावा लागला?

कारण त्या तीन ओळींतही मी चूक केली. पुढच्या ४ बाइटांतून वाचलेला आकडा ३२ बिटी चलात होता आणि त्याच चलात तो २७ बिट सरकवला गेला. ३२ बिटांच्या जागेत असे केले, की त्या आकड्याचे फक्त खालचे ५ बिट उरतात आणि बाकीचे मुकाट्याने नाहीसे होतात. परिणामी ४.२९४९६७२९६ सेकंदांपर्यंतची अंतरे बरोबर येऊ लागली आणि त्याहून मोठी पुन्हा चुकू लागली. सेकंदाच्या अंतराची चाचणी व्यवस्थित पार पडली, म्हणून आम्ही पॅच स्वीकारला. नंतर फक्त इंटरप्टचा इव्हेंट चालू ठेवून रात्रभर नोंद घेतली, तेव्हा तासाच्या अंतराने आलेले दोन इंटरप्ट चार सेकंदांच्या आत दिसले. कंपायलर अशा ठिकाणी सहसा काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने हा कोड वैध आहे. सरकवण्याच्या आधी आकडा ६४ बिटी चलात घेणे, हीच खरी दुरुस्ती.

ही चाचणी मला घरी करता येईल का?

हो, रूट परवानगी असलेल्या कोणत्याही लिनक्सवर करता येईल. त्यासाठी शेतावर जाण्याची गरज नाही, हे आम्हाला फार उशिरा सुचले. ट्रेसिंगच्या डिरेक्टरीत इन्स्टन्सेस नावाची डिरेक्टरी असते. तिच्यात आपल्या पसंतीच्या नावाची एक डिरेक्टरी तयार केली, की कर्नल आपल्यासाठी स्वतंत्र बफर उघडून देतो आणि इतर कोणाच्या नोंदींना धक्का लागत नाही. तेथील ट्रेस_मार्कर या फाइलीत एक ओळ लिहा, एक सेकंद थांबा, दुसरी ओळ लिहा, पाच सेकंद थांबा आणि तिसरी लिहा. हे सगळे टास्कसेट ही आज्ञा वापरून एकाच सीपीयूवर बांधून करावे, नाहीतर ओळी वेगवेगळ्या सीपीयूंच्या बफरांत जातील आणि तुलना फसेल.

आता आधी ट्रेस ही फाइल वाचा, कारण ती वाचल्याने नोंदी संपत नाहीत. मग त्या सीपीयूची ट्रेस_पाइप_रॉ आमच्या रीडरने वाचा; ती वाचली की नोंदी बफरमधून निघून जातात, म्हणून क्रम उलटा करू नये. मूळ बग असलेला रीडर दोन्ही अंतरे अनुक्रमे ६० आणि ३४ मिलिसेकंदांच्या आसपास दाखवतो. पहिल्या, अर्धवट पॅचचा रीडर पहिले अंतर एक सेकंद बरोबर दाखवतो, पण दुसरे ७०५ मिलिसेकंदांच्या आसपास. दुरुस्त रीडर एक आणि पाच सेकंदांहून किंचित अधिक दाखवतो. ते किंचित अधिक म्हणजे शेलने आज्ञा चालवायला घेतलेला वेळ.

वेळेशी संबंधित आणखी कोणते प्रकार तपासले?

प्रकार ३१ म्हणजे निरपेक्ष टाइमस्टॅम्प. त्याची रचना ३० सारखीच असते, पण ती वेळ चालू वेळेत मिळवायची नसून चालू वेळेच्या जागी ठेवायची असते. त्यात ५९ बिट मावतात, सुमारे १८ वर्षांचे नॅनोसेकंद. सर्वांत वरचे ५ बिट आधीच्या वेळेतून घ्यावे लागतात.

प्रकार २९ म्हणजे भराव. त्याच्या हेडरमधील वेळ शून्य असेल तर पेज तेथेच संपले असे समजावे; शून्य नसेल तर ती रद्द केलेली नोंद असते आणि तिची लांबी पुढच्या ४ बाइटांत मिळते. १ ते २८ पर्यंतचे आकडे प्रकार नसून लांबी असतात, त्यांना ४ ने गुणायचे. म्हणजे ११२ बाइटांपर्यंतचे इव्हेंट असे मावतात. त्याहून मोठ्या इव्हेंटसाठी तेथे शून्य असते आणि खरी लांबी पुढच्या ४ बाइटांत, स्वतः ते ४ बाइट धरून, लिहिलेली असते. हे ४ वजा करायला विसरले, की रीडर पुढचा प्रत्येक इव्हेंट ४ बाइट पुढे सरकून वाचतो आणि कचरा दाखवतो. निदान ती चूक लगेच दिसते.

काही पेजेस पूर्ण गायब होत होती, तोही हाच बग का?

नाही, तो वेगळा बग होता आणि पहिला शोधताना सापडला. बफर भरून जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या गेल्या, तर काही इव्हेंट हरवल्याची खूण कर्नल पुढच्या पेजाच्या कमिट आकड्यातच करून ठेवतो. शून्यापासून मोजल्यास ३१ व्या बिटावर ‘नोंदी हरवल्या’ ही खूण असते. ३० वा बिट सांगतो, की किती हरवल्या तो आकडाही पेजाच्या शेवटी, जागा शिल्लक असल्यामुळे, लिहून ठेवला आहे. आमचा रीडर हे बिट वेगळे न काढता कमिट हा चिन्हासह ३२ बिटी पूर्णांक म्हणून वाचत असे. ३१ वा बिट चढला, की आकडा ऋण होई, वाचनाची लूप एकदाही फिरत नसे आणि ते पेज मुकाट्याने टाकून दिले जाई. म्हणजे जेथे नोंदी हरवल्याचे ओरडून सांगायला हवे होते, नेमक्या तेथे रीडर आणखी पेजभर नोंदी हरवत होता. आता तो दोन्ही बिट बाजूला काढतो आणि हरवलेल्या नोंदींची ओळ ठळकपणे छापतो. पडताळणीसाठी प्रत्येक सीपीयूच्या डिरेक्टरीतील स्टॅट्स या फाइलीत ओव्हररनचा आकडा पाहावा.

हा कर्नलचा दोष आहे का?

नाही. कर्नल आपली रचना लपवत नाही. इव्हेंट्स डिरेक्टरीतील हेडर_पेज आणि हेडर_इव्हेंट या दोन फाइली उघडून पाहिल्या, तर वर सांगितलेले बिट, प्रकार आणि जागा तेथे लिहिलेल्या आहेत. आम्ही त्या वाचल्या होत्या. टाइम एक्स्टेंडच्या ओळीवर थांबलो नव्हतो.

फील्डांच्या जागा कोडमध्ये पक्क्या लिहून ठेवल्या तर काय बिघडते?

आज काही बिघडणार नाही, उद्या बिघडेल. २०११ मध्ये बिग कर्नल लॉक (पूर्ण कर्नलसाठीचे एकच जुने कुलूप) कर्नलमधून निघून गेला आणि प्रत्येक इव्हेंटच्या सामायिक भागात असलेले लॉक-डेप्थ हे फील्डही अनावश्यक ठरले. ते काढताच पॉवरटॉप हे वीजवापर दाखवणारे साधन चुकू लागले, कारण पुढच्या फील्डांच्या जागा ते फॉरमॅट फाइलीतून न घेता स्वतः गृहीत धरत होते. शेवटी त्या जागी ४ बाइटांचा भराव परत ठेवावा लागला. प्रत्येक इव्हेंटच्या डिरेक्टरीत फॉरमॅट ही फाइल असते. तिच्यात प्रत्येक फील्डचे नाव, जागा, आकार आणि चिन्ह असते. इव्हेंटचा आयडीसुद्धा तेथूनच घ्यावा, कारण तो कर्नलागणिक बदलू शकतो.

माझा बोर्ड ३२ बिटी आहे. काही वेगळे करावे लागेल का?

रीडरची नवी आवृत्ती घेतल्यास काही करावे लागणार नाही. ३२ बिटी कर्नलवर कमिट ८ नव्हे तर ४ बाइटांचे असते, त्यामुळे डेटा कोठून सुरू होतो ते बदलते. येथे सापळा असा, की रीडर ३२ बिटी आणि कर्नल ६४ बिटी अशी जोडी छोट्या बोर्डांवर सर्रास आढळते. अशा वेळी रीडरने स्वतःच्या लाँग या प्रकाराचा आकार धरला तर तो चुकतो. म्हणून आता हे आकार हेडर_पेजमधूनच घेतले जातात. पेज ४०९६ बाइटचेच असेल हेही धरून चालू नये. काही एआरएम यंत्रांवर ते ६४ केबीचे असते, आणि ६.८ या आवृत्तीपासून बफरच्या तुकड्याचा आकार वापरणाऱ्याला बदलताही येतो.

पर्फ हे लिनक्सचे दुसरे मोजमाप-साधन वापरत असल्यास हा लेख लागू होतो का?

नाही. पर्फचा बफर वेगळा आहे, त्यातील नोंदीचे हेडर ८ बाइटांचे असते आणि रचनाही निराळी आहे.

जुन्या नोंदी वाचवता येतील का?

कच्ची पेजेस जपून ठेवली असतील तर नव्या रीडरने ती पुन्हा वाचा. सर्व वेळा बरोबर येतील, कारण मूळ डेटा कधीच चुकीचा नव्हता. फक्त छापलेला मजकूर ठेवला असेल तर मात्र इलाज नाही. पेजाच्या सीमेवरील उडीवरून त्या पेजात एकूण किती पटी हरवल्या ते काढता येते, पण त्यांपैकी कोणत्या दोन इव्हेंटच्या मधून किती गेल्या ते सांगता येत नाही. आमच्याकडील पहिल्या आठ दिवसांच्या नोंदी अशाच मजकुराच्या होत्या आणि आम्ही त्या बाद केल्या.

तयार लायब्ररी असताना स्वतः रीडर का लिहिला?

शिकण्यासाठी. प्रत्यक्ष कामासाठी मी प्रत्येकाला लिबट्रेसइव्हेंट किंवा ट्रेस-सीएमडी वापरण्याचाच सल्ला देतो. वर सांगितलेले सर्व प्रकार तेथे कधीच हाताळलेले आहेत. आमचा रीडर मुद्दाम लहान ठेवला आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका बैठकीत तो पूर्ण वाचता यावा. पण लहान रीडर चुकीचा असून चालत नाही, कारण त्याच्या आकड्यांवरून कोणाची तरी मोटर दुरुस्त करायची असते.

मला अजूनही चुकीची वेळ दिसत असेल तर काय पाठवावे?

डीडी ही आज्ञा वापरून ट्रेस_पाइप_रॉमधून घेतलेले एक पूर्ण पेज, त्याच वेळी आधी वाचलेला ट्रेस फाइलीचा मजकूर, हेडर_पेज आणि हेडर_इव्हेंट या फाइली, संबंधित इव्हेंटची फॉरमॅट फाइल, कर्नलची आवृत्ती आणि ट्रेस_क्लॉकमध्ये निवडलेले घड्याळ, एवढे पाठवावे. घड्याळ कळवणे महत्त्वाचे आहे, कारण लोकल हे मूळचे घड्याळ प्रत्येक सीपीयूचे स्वतःचे असते आणि दोन सीपीयूंच्या वेळांत थोडा फरक पडू शकतो. तो आमचा बग नसतो. स्क्रीनचा फोटो पाठवू नये, त्यातून बिट मोजता येत नाहीत. आलेले प्रत्येक पेज आम्ही चाचणीच्या संचात ठेवतो आणि पुढचा कोणताही बदल स्वीकारण्यापूर्वी रीडर त्या सगळ्यांवर चालवतो. त्या संचातील पहिले पेज शेतावरच्या बोर्डाचे आहे.